भोंगा गप्प, म्हणजे कापा

माझ्या दोन्ही नातवंडांनो,

परवा व्हिडिओ कॉलवर थोरलीनं सहज सांगितलं की तुमच्या तिथल्या समुद्र आणि हवामान बघणाऱ्या सरकारी खात्यातून माणसं कमी करताहेत. मैत्रिणीच्या वडिलांची नोकरी गेली म्हणे. हवेत फुगे सोडून माप घेणारं जवळचं एक केंद्रही बंद झालं. मग कानातलं नीट करत ती म्हणाली, "पण ॲप तर चालतंय ना, आजी."

तुम्ही नाश्ता करत होतात. माझ्या तोंडात जे आलं ते नाश्त्याच्या वेळी ऐकवण्यासारखं नव्हतं, म्हणून मी गप्प बसले. आता लिहिते आहे. जन्मभर इंग्रजी शिकवलं, तेव्हा इंग्रजीतही लिहू शकले असते. पण ही गोष्ट लहान आजीची आहे, आणि तिचं बोलणं इंग्रजीत घातलं की तिचं राहत नाही. आईकडून वाचून घ्या.

लहान आजी म्हणजे माझी धाकटी जाऊ, हे थोरलीला आठवत असेल. मी नागभीडला राहते, ती आपल्या गावी, शेतावर. तिच्या घरी तुम्ही जो भात खाल्लात, ज्याला धाकट्यानं "पॉपकॉर्नचा वास येतो" म्हटलं होतं, ते धान आता गावात तिच्याशिवाय कोणी लावत नाही. बाकीच्यांनी नव्या जाती घेतल्या, कारण आमचं धान उंच वाढतं, लोळतं आणि कमी पिकतं. ते सासूबाईंकडून आलं. त्याला दुसरं नाव असेल तर मला माहीत नाही. आम्ही त्याला सासूचं धान म्हणतो. लहान आजी एका बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या एका तुकड्यात, ते लावते. त्यातूनच पुढच्या वर्षाचं बी काढते. बाजारात ते मिळत नाही. एक वर्ष चुकलं की संपलं.

आता समुद्राचं. नागभीडहून कुठल्याही दिशेला जा, समुद्र गाठायला गाडीत एक झोप काढावी लागते. आपल्या गावातल्या निम्म्या लोकांनी तो पाहिलेला नाही. पण दिवाळीनंतर धान कापायला येतं तेव्हा आमच्यावर जो पाऊस पडतो तो बंगालच्या उपसागरातून येतो. तिकडे आंध्राच्या किनाऱ्याला वादळ लागलं की दोनतीन दिवसांनी इकडे आभाळ भरतं. कापलेलं धान आम्ही लगेच उचलत नाही. शेतातच आडवं पसरून वाळू देतो. त्याला कडपा म्हणतात. उभ्या धानावर पाऊस पडला तर ते वाकतं, पण बहुधा निभावतं. कडप्यावर पडला आणि पाणी साचलं तर दाणा लोंबीतच उगवतो. म्हणून कापायचं की थांबायचं, हा एकच प्रश्न तेव्हा गावात असतो, आणि त्याचं उत्तर समुद्राकडे असतं.

ते उत्तर गावापर्यंत आणायला काही वर्षं आमच्याकडे एक माणूस होतं. शेतकी केंद्रात हवामानाची एक छोटी खोली उघडली होती. तिथे कुरखेड्याकडची एक मुलगी होती, जंगलालगतच्या गावातली, घरी गोंडी बोलणारी, शिकून एम.एस्सी. झालेली. दिल्लीहून, पुण्याहून जे आकडे आणि नकाशे येत ते बघायचे, आपल्या भागाचा अंदाज बांधायचा आणि गावोगावी कळवायचा, हे तिचं काम. गावातले लोक तिला हवामानवाली म्हणत. ती लहान आजीला फोन करी, आणि लहान आजी विहारातल्या भोंग्यावरून सांगे. विहाराची किल्ली तिच्याकडे असते. पौर्णिमेची वंदनाही तीच लावते.

पहिल्या हंगामात लहान आजीनं हवामानवालीनं पाठवलेला शब्द न् शब्द भोंग्यावरून वाचला. "आकाश अंशतः ढगाळ राहण्याची शक्यता आहे. वाऱ्याचा वेग मध्यम राहील." विहारासमोर एक म्हातारा राहतो, गाव त्याला नुसतं बुढा म्हणतं. तो चौथ्यापाचव्या दिवशी लुंगी सावरत बाहेर आला.

"ओ बाई, आभाळ तं मले बी दिसते. वारा बी लागते. पानी येते का नाई तेवढं सांग, नाईतं भोंगा बंद कर. माही दुपारची झोप तुह्या ढगात गेली."

लोक हसले, पण ठरलं ते त्याच्याच म्हणण्यासारखं. पाऊस येणार असेल तरच भोंगा बोलेल. बोलला नाही तर खुशाल कापा. हवामानवालीलाही ते पटलं, रोज फोन करायचे तिचे कष्ट वाचले. त्यानंतर गावात तो नियमच झाला. कोणी विचारलं, "काऊन रे, उद्या कापाचं का?" तर दुसरा म्हणायचा, "भोंगा गप्प आहे." त्यात सगळं आलं. एका वर्षी चक्क ऊन पडलेलं असताना भोंगा म्हणाला, कापू नका. एका शहाण्यानं तरी कापलं, दोन दिवसांनी त्याचं धान कोंबड्यांनी खाल्लं, आणि मग भोंग्यावर शंका घेणारं कोणी उरलं नाही.

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुमारास मी नागपूरला बहिणीकडे होते, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्यानं टीव्ही बघत होते. आपल्याकडच्या हवामान खात्याचा मोठा कार्यक्रम चालला होता. नवा अजस्र संगणक आणला होता. मंचावर जाकिटं घातलेली मंडळी, मागे निळ्या पडद्यावर फिरणारा समुद्र. एकजण म्हणाला, आता अचूक अंदाज थेट शेतकऱ्याच्या बांधापर्यंत पोहोचेल. मला खरंच बरं वाटलं. बहिणीला म्हटलं सुद्धा, "आमच्या हवामानवालीचं काम सोपं होईल."

हवामानवालीला तोवर घरी बसवलं होतं. एका शुक्रवारी तिला कळवलं की सोमवारपासून येऊ नका. तिच्यासारख्या सगळ्यांनाच. यंत्रं आपोआप मोजतात, माहिती आपोआप पोर्टलवर जाते, मनुष्यबळाची आवश्यकता उरलेली नाही. निर्णय झाला तो झाला. सरकारं निर्णय घेतात. पण ज्या गावांना ती फोन करत होती त्यांतल्या एकालाही कोणी सांगितलं नाही की आता फोन येणार नाही. एक ओळ नाही, एक निरोप नाही. घरचा दूधवाला सुद्धा उद्यापासून येणार नसेल तर सांगून जातो.

गावात इकडे धान पिवळं झालं. आभाळ स्वच्छ. भोंगा गप्प. तरी लहान आजीनं, तिचा स्वभाव तुम्हाला माहीत आहे, खात्री करायला हवामानवालीच्या नंबरवर फोन लावला. घंटी वाजली, कोणी उचलला नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावला. पुन्हा तेच.

मी नंतर तिला विचारलं, "मग तुला काहीच वाटलं नाही?"

"वाटाचं का त्यात? पोट्टी कामात असन. पानी येऊन राह्यलं असतं तं तिनंच आंधी लावला असता ना फोन. नाई उचलला म्हंजे सांगासारखं काई नाई."

मला हे चूक म्हणता येत नाही. नियमानुसार ते बरोबरच होतं.

आमच्याकडे कापणी एकमेकांच्या मदतीनं करतात. आज सगळ्या बाया तुझ्या बांधीत, उद्या माझ्या. त्यामुळे कापायला लागलं की सगळं गाव एकदमच कापतं. दोनचार दिवसांत शिवारातलं जवळजवळ सगळं धान आडवं झालं. सासूचं धानही. त्याच्या बांधीत खालच्या अंगाला, पाटाजवळ, एक कोपरा ओला राहतो आणि तिथलं धान उशिरा पिकतं. तेवढं हिरवट होतं म्हणून बायांनी सोडलं. बाकीची बांधी कडप्यानं भरली.

मग समुद्रातून आलं ते आलं. तीन दिवस थांबून थांबून पडलं.

मी परतले तेव्हा पाऊस उघडला होता. काळा चष्मा लावून थेट गावी गेले. शिवाराच्या तोंडाशीच वास आला. आंबलेल्या भाताचा, ओल्या गोणपाटाचा, खाली काहीतरी कुजत असल्याचा. डॉक्टरांनी डोळ्यांना पाणी लागू देऊ नका म्हटलं होतं, नाकाबद्दल काही सांगितलं नव्हतं. लहान आजी पोटरीभर पाण्यात उभी राहून कडप्याच्या पेंढ्या बांधावर टाकत होती. मला बघून तिनं एक लोंबी हातात धरून पुढे केली.

"बाई, हे पाह्य. उगलं."

प्रत्येक दाण्याला पांढरा मोड फुटला होता. उगवायचं ते एकदाच उगवतं. ते धान आता कांडता येणार नव्हतं आणि पेरताही येणार नव्हतं. ती रडत नव्हती. पेंढी टाकून पुढच्या पेंढीकडे वळत होती, कारण हातांना दुसरं काही सुचत नव्हतं.

काही दिवसांनी एक साहेब नुकसानीच्या पाहणीला आले. तरुण होते, चांगल्या घरचे वाटले. बुटांना चिखल लागू नये म्हणून ते रस्त्यावरच उभे राहिले आणि वासानं रुमाल नाकाला लावला. मग मोबाईल बघून म्हणाले, "पण रेकॉर्डला तुमच्या मंडळात पाऊस शून्य दिसतोय."

मग बुढा पुढे झाला. "मंग हे का होय साहेब? बैल मुतले?"

बाया तोंडाला पदर लावून हसल्या. साहेबही ओशाळून हसले. "काका, मी काय करू, यंत्र सांगतं ते. माझ्या हातात आहे का?"

"निदान पाऊस येणार हे तरी कोणी सांगायचं होतं," मी म्हटलं.

"माहिती पोर्टलवर होती, मॅडम. ॲपवर पण."

लहान आजीनं कमरेचा मोबाईल काढला. "हे पाहा साहेब, भाच्यानं टाकून देल्लं ॲप. उघडलं का चंद्रपूर दिसते, ते बी इंग्रजीत. चंद्रपुरात ऊन दाखवे. मी का चंद्रपुरात धान कापतो?"

साहेबांनी "पाठपुरावा करतो" म्हटलं आणि गाडीत बसताना बूट झटकले. बूट कोरडेच होते.

त्या शून्यानं मला चैन पडेना. तुम्हाला माहीत आहे, कपाटातली घडी वाकडी असली तरी मला बसवत नाही. दुसऱ्या दिवशी मी आणि लहान आजी ऑटो करून शेतकी केंद्रात गेलो.

आमच्या मंडळाचं यंत्र तिथेच मागच्या अंगणात, तारेच्या कुंपणात होतं. वर सौरपट्टी, मध्ये खांब, आणि एका बाजूला पाऊस मोजायचं पांढरं नळकांडं, ज्याच्या तोंडाशी नरसाळं असतं. पाऊस नरसाळ्यातून आत जातो आणि आत मोजला जातो. कुंपणाचं दार उघडंच होतं. मी वाकून नरसाळ्यात बघितलं.

खर्ऱ्याच्या पन्न्या होत्या. खर्रा तुम्ही पाहिला नाहीत. सुपारी आणि तंबाखू घोटून प्लॅस्टिकच्या तुकड्यात गुंडाळून देतात, इकडे अर्धा जिल्हा तो दिवसभर तोंडात ठेवून फिरतो. कुंपणाला टेकून कितीतरी लोकांनी खर्रा खाल्ला होता आणि पन्न्या त्या नरसाळ्यात कोंबल्या होत्या, कारण ते कचऱ्याच्या डब्यासारखं दिसत होतं. आणि थुंकलेही होते. लाल थर वाळून भेगाळला होता, त्यावर नवा ओला थर होता, आणि कडेनं मुंग्यांची रांग. पावसाचं पाणी तोंडाशीच तुंबून बाहेर सांडलं होतं. यंत्रानं प्रामाणिकपणे शून्य मोजलं होतं, आणि ते शून्य आपोआप पोर्टलवर जाऊन त्या अजस्र संगणकाच्या पोटात पडलं होतं.

मला ओकारी आली. शब्दशः आली, कुंपणाला धरून उभी राहिले.

लहान आजीनं काटकी शोधली आणि पन्न्या उकरायला लागली. मी पर्समधला रुमाल काढला, इस्त्रीचा, आणि नरसाळं पुसायला घेतलं. तेवढ्यात चौकीदार धावत आला.

"ओ आजी! हात नका लावू! सरकारी आहे ते!"

"थुंकताना नव्हतं का रे सरकारी?" लहान आजी म्हणाली.

"मी नाई थुंकलो."

"दाखव जीभ."

त्यानं जीभ दाखवली नाही. तोंड मिटून पाण्याची बादली मात्र आणून दिली.

"आंधी त्या मॅडम पुसत जाय रोज सकाळी," तो जरा वेळानं म्हणाला. "आता माणूसच नाई तं कोन पुसन?"

हात धुवून आम्ही आत गेलो. हवामानाच्या खोलीत आता मोडक्या खुर्च्या एकावर एक रचल्या होत्या. शेजारच्या टेबलावर एक बाबू बसला होता. हवामानवालीचा नंबर मागितला तर म्हणाला, माहीत नाही. लहान आजीनं आपल्या मोबाईलवरून तो जुना नंबर लावला, आणि त्या बाबूच्याच टेबलाच्या खणात काहीतरी घरघरायला लागलं.

त्यानं खण उघडला. केंद्राचा फोन होता, मुलीनं जाताना जमा केलेला. त्यावर नाव उमटत होतं: भोंगा आजी.

"हा दिवाळीपासून वाजून राह्यला," बाबू म्हणाला. "डोकं दुखे म्हून आवाज बंद केला मी. आमचा विषय नाई तो."

नातवंडांनो, मी आयुष्यात पुष्कळ रागावले आहे. विद्यार्थ्यांवर, प्राचार्यांवर, तुमच्या आजोबांवर तर रोज. रागात निदान समोरच्यानं सुधारावं अशी इच्छा असते. त्या खणाकडे बघताना मला राग आला नाही. ताटात झुरळ निघावं तसं झालं. हा बाबू वाईट नव्हता, तो साहेबही नव्हता, टीव्हीवरची जाकिटंही नसतील. प्रत्येकाचा आपापला विषय होता आणि भोंगा त्यांतल्या कोणाचाच नव्हता.

मुलीचा नंबर शेवटी चौकीदारानं मिळवून दिला, तिच्या गावच्या कोणाकडून तरी. ती कुरखेड्यात दहावीच्या मुलांच्या विज्ञानाच्या शिकवण्या घेते आहे. मी फोनवर नाव सांगितलं आणि काय झालं ते सांगितलं.

"बाई," ती म्हणाली, "समुद्रातला तो ढगायचा गोळा मले आंधीच दिसला होता. सवय आहे ना, रोज मोबाईलवर चित्र पाहतोच मी. आमच्याकडेच येऊन राह्यला हे बी समजलं. पण नंबर सगळे त्या फोनमंदी होते. मले वाटलं, माह्या जागी कोनी तरी असन. कोनी तरी सांगन."

लहान आजीनं माझ्या हातून फोन घेतला. मला वाटलं आता बोलेल काही. तर ती म्हणाली, "जेवली का तू?"

तेव्हापासून ती मुलगी रोज संध्याकाळी आपल्या फोनवरून लहान आजीला फोन करते. तिला कोणी सांगितलेलं नाही, त्याबद्दल कोणी काही देत नाही. यावर "किती छान" म्हणू नका. मला त्यात छान काही दिसत नाही. ज्याच्यासाठी एक अख्खं खातं आहे, निळा पडदा आहे, ते काम एक बेकार मुलगी शिकवण्या संपवून स्वतःच्या रिचार्जवर करते आहे. आणि उद्या तिला दुसरीकडे नोकरी लागली, तशी ती लागावी, तर तेही बंद होईल.

गावातला नियम मात्र बदलला. आता भोंगा रोज बोलतो, पाऊस असो नसो. "आज पानी नाई. उद्या नाई. कापा." एवढंच. गप्प राहण्याचा आता काही अर्थ होत नाही. बुढ्याची झोप पुन्हा जाते. परवा तो मला म्हणाला, "बोलू द्या तिले. भोंगा गप्प बसला का आता मले झोपच येत नाई."

धाकट्या, तुझ्यासाठी एक गोष्ट उरली आहे. पाटाजवळचा तो ओला कोपरा, जो बायांनी हिरवा म्हणून सोडला होता, तो पावसात लोळला पण मुळांवर होता. त्याला मोड फुटले नाहीत. ऊन पडल्यावर लहान आजीनं आणि मी तो लोंबी लोंबीनं खुडला. विळा लावायचा धीर झाला नाही. ओसरीवर वाळवला, हातानं चोळून दाणे काढले. माझा दुसरा डोळा अजून व्हायचा आहे, त्यामुळे खडे तिनंच निवडले.

खायला त्यातलं काही नाही. यंदा आलात तर तुम्हाला दुकानातल्या तांदळाचा भात मिळेल. पण कडुनिंबाचा पाला घालून, तोंड शेणमातीनं लिंपून ठेवलेलं एक मडकं लहान आजीच्या घरात आहे. त्यात सासूच्या धानाचं बी आहे, एका बांधीला पुरेल एवढं.